समोर नसलेला माणूस



पांढरकवड्यात उभं राहून सार्वजनिक चर्चेविषयी बोलायचं, तर टी-१ ऊर्फ अवनी या वाघिणीला टाळून चालणार नाही. तेरा माणसांच्या मृत्यूंशी तिचं नाव जोडलं गेलं होतं. २०१८च्या त्या दिवसांत बोराटी, सराटी, लोणीच्या पट्ट्यात कापूस फुटला तरी वेचायला माणूस मिळेना. ओलिताची वीज रात्रीची. जागलीला वावरात जायची कास्तकाराची छाती होईना. आणि त्याच वेळी देशभरातल्या मोबाईलवर ‘लेट अवनी लिव्ह’ हा हॅशटॅग फिरत होता, ऑनलाइन निवेदनांवर सह्या होत होत्या. तिला मारण्याच्या आदेशात हस्तक्षेप करायला सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबरमध्ये नकार दिला. २ नोव्हेंबरच्या रात्री वाघीण बोराटीजवळ मारली गेली. शहरांत निदर्शनं झाली, इथल्या गावांत फटाके फुटले.

वाघिणीच्या बाजूने बोलणाऱ्यांना मी दोष देत नाही. तिला मारताना नियम पाळले गेले का, हा प्रश्न विचारायलाच हवा होता, आणि तो दिल्लीपर्यंत पोचला त्यात मोबाईलचा मोठा वाटा आहे. माझं दुखणं निराळं आहे. ज्याचा जीव टांगणीला लागला होता, त्याला त्या इंग्रजी हॅशटॅगच्या गर्दीत शिरायला वाटच नव्हती. दोन्ही बाजू आपापल्या लोकांशी बोलत राहिल्या.

गावच्या पारावर असं होत नाही. तिथे बोलणाऱ्याला माहीत असतं, की आपण ज्याच्याविरुद्ध बोलतोय त्याचा भाऊ तिसऱ्या रांगेत बसला आहे. म्हणून तो जपून बोलतो. खोटं बोललाच तर तिथल्या तिथे कुणीतरी उठतं. मोबाईलवरच्या ग्रुपवर तो भाऊ नसतो. एका समाजाच्या ग्रुपवर एक, दुसऱ्याच्या ग्रुपवर नेमकं उलट, असा प्रचार आता सहज करता येतो, आणि दोन्ही ग्रुप एकाच गावातले असले तरी एकाचं दुसऱ्याला कळत नाही. मतपरिवर्तन पूर्वीही होत असे. आता ते विरोधकाच्या गैरहजेरीत होतं, हा बदल मला सगळ्यांत घातक वाटतो.

याच यवतमाळ जिल्ह्यात, आर्णी तालुक्यातल्या दाभडीला, २० मार्च २०१४ रोजी नरेंद्र मोदींनी ‘चाय पे चर्चा’ केली. तंत्रज्ञान तिथेही होतंच. गावातली चर्चा देशाने पाहिली. पण ते बोलणं उघड्यावर झालं, म्हणून पत्रकार पुढे पुन्हा पुन्हा दाभडीला जाऊन तिथे दिलेल्या आश्वासनांचं काय झालं ते विचारू शकले. ग्रुपवर फिरणाऱ्या फॉरवर्डला असं गाव नसतं. तो कुणी लिहिला, ते पाठवणाऱ्यालाही ठाऊक नसतं.

या निनावीपणाची किंमत धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्याने दाखवली. मुलं पळवणारी टोळी आल्याची अफवा मोबाईलवरून पसरली होती. १ जुलै २०१८ला, आठवडी बाजाराच्या दिवशी, भिक्षा मागायला आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावाने ठेचून मारलं. ती माणसं त्या क्षणी समोर होती, बोलू शकत होती. पण जमावाचं मत ती येण्याआधीच तयार झालं होतं.

मोबाईल फेकून द्या, असं मात्र मी म्हणणार नाही. जानेवारी २०१९मध्ये यवतमाळच्या ९२व्या साहित्य संमेलनाने उद्घाटक, लेखिका नयनतारा सहगल यांचं निमंत्रण मागे घेतलं. आम्हा साहित्यिकांच्या व्यासपीठाने जे भाषण नाकारलं, ते मराठीत येऊन हातोहाती, मोबाईलोमोबाईली पोचलं. मंडपात मावली असती त्याहून जास्त माणसांनी ते वाचलं. व्यासपीठं घाबरली, तेव्हा पडद्याने जागा दिली, हे कृतज्ञतेने नोंदवलं पाहिजे.

म्हणून माझी या संमेलनाकडे एकच मागणी आहे. निवडणुकीच्या महिन्यात दर आठवडी बाजाराला आपण एक उघडी बैठक घ्यावी. गावात फिरत असलेले फॉरवर्ड तिथे मोठ्याने वाचावेत, ज्याच्याविषयी ते आहेत त्याला आवर्जून बोलवावं, उमेदवारांनाही बोलवावं. भाषा वऱ्हाडी, गोंडी, कोलामी, कुठलीही चालेल. वाचनालयांनी सतरंजी आणि ध्वनिक्षेपक द्यावा, शिक्षकांनी वाचनाची जबाबदारी घ्यावी. पहिली बैठक कुठे घ्यायची, ते ठरवायला आज दुपारच्या सत्रानंतर इथेच बसू या.