लहान मुलांचा मूत्रपिंडाचा कर्करोग



ज्युबिलीच्या आनंदाच्या दिवशीं कर्करोगाचें नांव काढावें हें कित्येकांस रुचणार नाहीं. तरी आमच्या ह्या शनिशिंगणापूरच्या भागांत लेंकराचें पोट फुगलें, कीं जंत झाले, पाणथरी वाढली, असें म्हणून तें तेल लावून चोळणारे अजून भेटतात. म्हणून आम्हांस बोलणें भाग आहे.

बहुधा पांच वर्षांच्या आंतील मुलांस होणाऱ्या ह्या रोगास 'विल्म्सची गांठ' म्हणतात. माक्स विल्म्स ह्या जर्मन शस्त्रवैद्यानें सन १८९९ मध्यें तिचें सविस्तर वर्णन केलें. गर्भांत मूत्रपिंड घडत असतां ज्या पेशी अपक्व राहून गेल्या, त्यांतून ती उद्भवते. तेव्हां आईबापांनीं आपणांस दोष लावून घेऊं नये. मुलाच्या पत्रिकेसही लावूं नये.

मूल खेळतें, जेवतें. आणि एके दिवशीं न्हाऊं घालतांना आईच्या हातास कुशींत कठीण गोळा लागतो. कधीं लघवींतून रक्त जातें, कधीं ताप येतो. तो गोळा पुन्हां पुन्हां दाबून पाहूं नये, चोळूं तर मुळींच नये. आंत फुटल्यास रोग पोटभर पसरतो. साडेसाती साडेसात वर्षांची म्हणतात; ही गांठ आठवड्यांच्या हिशेबानें वाढते. सोनोग्राफी त्याच आठवड्यांत करवावी.

पुष्कळ ठिकाणीं प्रथम औषधानें गांठ आकसवून मग ती मूत्रपिंडासह काढतात. उरलेल्या एका मूत्रपिंडावर मूल सुखानें वाढतें. पुढें पुन्हां औषध, व जरूर तेथें किरणोपचार. ह्या औषधांपैकीं व्हिन्क्रिस्टीन आमच्या अंगणांतील सदाफुलींतून निघालें, आणि ॲक्टिनोमायसीन मातींतील सूक्ष्म जंतूंपासून. (सदाफुलीचा काढा मात्र कोणी घरीं करून पाजूं नये, तो विषारी आहे.)

हीं औषधें नव्हतीं तेव्हां बहुतेक मुलें दगावत. आतां सधन देशांत दहांतील सुमारें नऊ बरीं होतात. आमच्याकडे इतकीं होत नाहींत, ह्यास उशीर हें एक कारण, व उपचार अर्ध्यावर सोडणें हें दुसरें. गोळा गेला, केंस गळाले, मजुरी बुडाली, कीं आईबाप घरीं परततात. मुंबईस परळ येथें सन १९४१ पासून टाटा स्मारक रुग्णालय आहे. महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेंत कर्करोगाचे उपचार येतात. शिधापत्रिका घेऊन योजनेंतील रुग्णालयाच्या आरोग्यमित्रास भेटावें.

राहिला प्रश्न मागें घर सांभाळण्याचा. ज्या गांवीं परंपरेनें घरांस दारेंच नाहींत, तेथें तो अवघड नसावा. गाय कोण बांधील, थोरल्या मुलीस शाळेंत कोण धाडील, हें त्या कुटुंबानें एस्. टी. त बसण्यापूर्वींच शेजाऱ्यांनीं ठरवून टाकावें.