दार उघडे ठेवणे

कोल्हापूरला गेलात तर वळिवडे जरूर पाहा. १९४३ ते १९४८ या काळात तिथे सुमारे ५,००० पोलिश निर्वासित राहिले, बहुतेक बायका आणि मुले. सोव्हिएत राजवटीने त्यांना घरांतून उचलून सायबेरियाकडे नेले होते. ते गेले आणि त्याच वसाहतीत फाळणीने उठवलेले सिंधी आले. आजचे गांधीनगर ते हेच.

२००५ साली संयुक्त राष्ट्रांत देशांनी मान्य केले की, प्रजेला नरसंहारापासून वाचवणे हे सरकारचे कर्तव्य. सरकार त्यात उघड उघड कमी पडले, तर ते जगाचे. १९९४ चे रुआंडातले ते शंभर दिवस सर्वांना आठवत होते. पण २०११ मध्ये लिबियात नागरिकांच्या रक्षणासाठी सुरू झालेले हवाई हल्ले राजवट उलथेपर्यंत थांबले नाहीत. मात्रा चुकली, असे आम्ही डॉक्टर म्हणू. त्या ठरावावर भारत तटस्थ राहिला. मला ते पटते. मात्र तटस्थ राहणाऱ्याने आपले दार तरी उघडे ठेवावे.

आम्हा जैनांत आहार, औषध आणि शास्त्र यांच्या जोडीला अभयदान सांगितले आहे. औषध मी रोज देतो. अभय मागायला कुणी दवाखान्याच्या पायरीवर आले, तर मी आधी त्याचे कागद मागेन की काय, याची मलाच धास्ती वाटते.