संकटकाळी प्रार्थनेचे बळ

(ज्ञातिसंस्थेच्या जळगाव येथील वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



आम्ही आजच्या भाषणासाठी ख्रिस्ती प्रार्थनेचा विषय सुचविला तेव्हा कार्यकारी मंडळातील एका सन्मित्राने प्रांजळपणे विचारले की, ज्ञातीच्या संमेलनात हा विषय कशाला? शंका रास्त आहे. आम्ही ख्रिस्ती नाही. आमच्या घरी देव्हारा आहे आणि तो नित्य पुजला जातो. तथापि आमच्या कुटुंबावर जे दिवस आले होते त्यांत आमच्या मातोश्रींना उभे राहण्याचे बळ एका ख्रिस्ती बाईच्या प्रार्थनेने दिले. हे ऋण बाहेर कोठे सांगावे? आपल्या माणसांतच सांगावयाचे.

१९८४ साली आम्ही धुळ्यास राहत होतो. वडील एका पेढीवर कारकून होते. त्यांस अर्धांगवायूचा झटका आला, नोकरी गेली, आणि घरात आम्ही तीन भावंडे शिकणारी. पहिल्या आठवड्यात ज्ञातीतील पुष्कळ मंडळी येऊन गेली; चहा घेतला, हळहळली. दुसऱ्या महिन्यात कोणी फिरकले नाही. हे आम्ही रागाने सांगत नाही. उसने मागतील या भयाने माणसे टाळतात, हे पुढे आम्हीही केलेले आहे.

शेजारच्या खोलीत रुग्णालयात काम करणाऱ्या एक परिचारिका राहत. त्या मूळच्या नवापूरकडच्या. तो भाग तेव्हा धुळे जिल्ह्यात होता, १९९८ पासून नंदुरबार जिल्ह्यात गेला. विसाव्या शतकाच्या आरंभी पश्चिम खानदेशात मिशनची मंडळी आली, त्यांच्या शाळांतून व दवाखान्यांतून जी आदिवासी ख्रिस्ती कुटुंबे पुढे आली, त्यांपैकीच त्या एक. सारी चाळ त्यांना सिस्टर म्हणे. आमच्याकडे त्यांचे पाणी चालत नसे, हे सांगावयास आज लाज वाटते. पण ते खरे आहे.

एके संध्याकाळी त्या रात्रपाळीस जाण्यापूर्वी वडिलांची कूस बदलण्यास आल्या. काम झाल्यावर म्हणाल्या, “वहिनी, तुमची हरकत नसेल तर मी इथं प्रार्थना करू का?” आईने मान हलविली. आम्हांस वाटले, काही इंग्रजी मंत्र म्हणतील. त्यांनी डोळे मिटले आणि साध्या मराठीत, एखाद्या वडीलधाऱ्यापुढे गाऱ्हाणे मांडावे तसे त्या बोलू लागल्या. वडिलांचे नाव घेतले, आम्हा तिघांची नावे घेतली. धाकटीची फी थकली आहे, घरमालकाने निरोप पाठविला आहे, वहिनींना चार रात्री झोप नाही, हे सर्व त्यांनी एकामागून एक सांगितले. मग ‘आमेन’ म्हटले, पदर खोचला आणि चुलीवरचे भाताचे आधण पाहिले. त्या दिवशी आईने त्यांना अडविले नाही.

पुढे हे रोजचेच झाले. आई म्हणत, आपल्या घरात संकट आहे हे तोंडाने बोलून दाखविणारी ती पहिलीच. आपल्याकडे देवापुढे आपण स्तोत्रे म्हणतो, ती सुंदरच आहेत. परंतु फी थकली आहे असे देवास सांगण्याची आपणांस सवय नाही. ते देवास कळतेच, असे आपण म्हणतो. देवास कळते हे खरे. पण बोलणाऱ्यास ते बोलल्यावाचून नीट कळत नाही. सिस्टर ज्या प्रार्थनेने नेहमी शेवट करीत, ती येशूने आपल्या शिष्यांना शिकविलेली प्रार्थना. तीत भाकर मागावयाची ती आजची. वर्षाची तरतूद मागावयाची नाही. आणि क्षमा मागावयाची ती दुसऱ्यास क्षमा करून. न फिरकलेल्या नातलगांवरचा आईचा राग हा दुसरा भाग ऐकता ऐकता निवळला, असे आम्हांस वाटते. आईने तसे कधी बोलून दाखविले नाही.

वडील वाचले नाहीत. पुढील वर्षी ते गेले. प्रार्थनेने रोग बरा झाला असे आम्ही सांगू लागलो तर ते असत्य होईल, आणि सिस्टरही तसे कधी म्हणाल्या नाहीत.

वडिलांचे दिवस झाल्यावर सिस्टरांनी आईच्या हाती एक पुस्तक दिले. लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’. आपणांपैकी बहुतेकांनी ते शाळेत थोडेसे वाचलेले असेल आणि त्यातील विनोदच आठवत असेल. आमच्या आईने ते आपल्यावरच लिहिले आहे अशा रीतीने वाचले. लक्ष्मीबाईंचा जन्म १८६८ चा, नाशिकजवळच्या जलालपूरचा. वडिलांचे सोवळे असे कडक की मीठसुद्धा धुतल्याशिवाय घरात घ्यावयाचे नाही. अशा घरातील मुलीचे यजमान, कवी नारायण वामन टिळक, १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईस ख्रिस्ती झाले. नवरा जिवंत असून नसल्यासारखा, पदरी लहानगा दत्तू. चार-साडेचार वर्षे त्यांनी नातलगांच्या आधाराने काढली. पुढे त्या पतीकडे परत गेल्या, त्याही आपले सोवळे आणि आपली चूल वेगळी ठेवून. टिळकांनी घाई केली नाही. जातिभेद माणसाने केला की देवाने, हा विचार बाईंनी स्वतःच केला. स्वतःच एके दिवशी सोवळे सोडले. आणि १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

या पुस्तकात प्रार्थनेची थोरवी सांगणारी व्याख्याने नाहीत. म्हणूनच आम्हांस ते पटते. घरात पैसा टिकत नसे, कारण टिळक हाती येईल ते देऊन टाकीत. अनाथ मुले घरी आणीत. आणि संसार बाईंनी ओढावयाचा. त्या चिडत, भांडत, हसत आणि पुन्हा कामास लागत. देवाशी त्यांचे बोलणे याच धबडग्यात चाले. टिळकांनीही ख्रिस्ती भक्ती अभंगाच्या वळणावर आणली. आपण तुकोबांच्या सेतूवरून ख्रिस्ताकडे आलो, असे ते म्हणत. आमच्या आईस ती भजने परकी वाटली नाहीत याचे कारण हेच असावे.

या घराचा आपल्या जळगावशीही संबंध आहे. १९०७ साली येथे भरलेल्या कविसंमेलनात धरणगावच्या ज्या सतरा वर्षांच्या मुलास ‘बालकवी’ ही पदवी मिळाली, ते त्र्यंबक बापूजी ठोमरे पुढे अहमदनगरास टिळकांच्या घरी राहिले. लक्ष्मीबाईंनी त्यांच्यावर पुत्रवत् माया केली. ५ मे १९१८ रोजी भादली स्थानकाजवळ आगगाडीखाली सापडून ते गेले. पुढील वर्षी, ९ मे १९१९ रोजी, स्वतः टिळक गेले. एका वर्षाच्या अंतराने आलेले हे दोन घाव. टिळकांचे ‘ख्रिस्तायन’ महाकाव्य दहा-अकरा अध्यायांवर अडले होते. ज्या बाईंना लग्नानंतर अक्षरओळख झाली, त्यांनी पुढचे साठांहून अधिक अध्याय लिहून ते पुरे केले. वाचता वाचता आई या ठिकाणी थांबली आणि दुसऱ्या दिवशी तिने शिवणयंत्र हप्त्याने घेण्याची चौकशी केली. त्या यंत्रावर आम्ही तिघे शिकलो.

आईने धर्म बदलला नाही. सिस्टरांनी तसे सुचविलेही नाही. तिन्हीसांजेला निरांजन लावल्यावर आई थोडा वेळ डोळे मिटून हळू आवाजात त्या दिवसाचे सांगत बसे, एवढाच बदल झाला. कधी आमच्या मार्कांचेही सांगे. ते आम्ही ओसरीवरून ऐकत असू आणि आम्हांस फार संकोच वाटे.

ज्ञातिबंधूंनो, आपली संस्था गुणवंत विद्यार्थ्यांचा सत्कार करते, वधूवर मेळावा भरविते, ही स्मरणिका काढते. परंतु ज्या घरी आज माणूस अंथरुणास खिळले आहे, त्या घराचे नाव आपल्या कोणत्याही यादीत नाही. कारण ते घर स्वतः सांगत नाही आणि आपण विचारीत नाही. धुळे व जळगाव या दोन्ही शाखांतून दोन-दोन भगिनींनी दरमहा अशा घरी जावे. पैसे घेऊन नव्हे. नुसते जाऊन बसावे आणि घरच्यांना बोलू द्यावे. ही सूचना आम्ही लेखी स्वरूपात कार्यवाहांकडे दिलेली आहे.

सिस्टर निवृत्त होऊन गावी गेल्या. आईच्या शेवटच्या दुखण्यात, आम्ही जळगावास असताना, त्यांच्या नातवाने फोन लावून दिला. त्यांचा आवाज थकलेला होता. त्यांनी नेहमीसारखी प्रार्थना केली. आमची नावे त्यांच्या ध्यानात होती, नातवंडांची मात्र विचारून घ्यावी लागली. आईने फोन कानाशी धरून सारे ऐकले आणि शेवटी विचारले, “सिस्टर, तुमचं जेवण झालं का?”