काय बोगद्यात, काय रस्त्यावर?

घरी बसून कचेरीचे काम करणारी आपली मुले व्हीपीएन लावतात. म्हणजे संगणकापासून कचेरीच्या सर्व्हरपर्यंत जणू बंद बोगदाच. ‘स्प्लिट टनेलिंग’ केले की कचेरीची कामे तेवढी बोगद्यातून जातात, बाकीची उघड्या रस्त्याने. वेग टिकतो, पण रस्त्यावरच्या ॲपला बोगद्याचे संरक्षण नसते, हे विसरू नये.

व्हीपीएन विकतही मिळते. मात्र त्या बोगद्याला मालक असतो! २८ एप्रिल २०२२ रोजी केंद्राच्या सर्ट-इनने आदेश काढला : लोकांना व्हीपीएन पुरविणाऱ्यांनी ग्राहकांची नावे-पत्ते, नोंदणी संपल्यावरही, किमान ५ वर्षे जपावीत. काही परदेशी कंपन्यांनी भारतातील सर्व्हरच हलविले.

तेव्हा आत काय, बाहेर काय, हे सेटिंग उघडून आपणच ठरवू या.