सामाईक विमानाचा हिशेब



पुष्पक विमान मुळात कुबेराचे. रावणाने ते हिरावून घेतले. रामचंद्रांनी त्यातून लंकेहून अयोध्या गाठली आणि लागलीच ते मालकाकडे परत धाडले. आमच्या मते रामायणातील सर्वांत शहाणपणाचा आर्थिक व्यवहार तो हाच, कारण विमान घेणे एक वेळ जमते, ते ठेवणे जमत नाही.

हँगरचे भाडे, विमा, वार्षिक तपासणी हे खर्च विमान उडो वा न उडो, चालूच राहतात. उडाले की पेट्रोल, तेल आणि इंजिनाची झीज. समजा, पहिला खर्च वर्षाला 6 लाख रुपये आणि दुसरा तासाला 8,000 धरला. एकटा मालक वर्षात 50 तास उडाला, तर तास 20,000 रुपयांस पडतो. चौघांनी तेच विमान 200 तास उडविले, तर 11,000 रुपयांस. एकट्याचे जादा 9,000 उडण्यात गेले नाहीत, उभे राहण्यात गेले. शिवाय बसून राहिलेल्या इंजिनास पावसाळ्यात गंज चढतो तो निराळाच.

मग सगळेच भागीदारी का करीत नाहीत? ज्यांच्या घरी सामाईक विहीर आहे त्यांना हे विचारावे लागणार नाही. पाळी ठरलेली असते, पण पाणी सर्वांना एकाच दिवशी हवे असते. येथे तो दिवस म्हणजे हिवाळ्यातील रविवारची सकाळ!

त्याहून कठीण गोष्ट इंजिनाची. लहान विमानाचे इंजिन साधारण 2,000 तासांनी पूर्ण उघडून दुरुस्त करावे लागते. त्यास 20 लाख लागतील असे धरले, तर प्रत्येक तासागणिक 1,000 रुपयांचे ऋण डोक्यावर चढते, आणि त्याचे बिल कोणी पाठवीत नाही. 1,900 तासांच्या सुमारास एखादा भागीदार वाटा विकून मोकळा होतो आणि त्याने झिजविलेल्या इंजिनाचा खर्च नवख्याच्या गळ्यात पडतो. आम्ही वर धरलेल्या 8,000 मध्ये हे 1,000 आहेत. मात्र ते दर उड्डाणानंतर वेगळ्या खात्यात पडले पाहिजेत.

आपल्यापैकी कोणी म्हणेल, हे श्रीमंतांचे रडगाणे. आम्हांस त्याचे काय? पण टाटांच्या घरातील जे. आर. डी. हेसुद्धा मुंबईच्या फ्लाइंग क्लबच्या विमानावरच उडावयास शिकले आणि 1929 साली त्यांना परवाना मिळाला. क्लब म्हणजे तरी काय? शेकडो भागीदारांची सामाईक विहीर. पुढे डॉ. वि. मा. घाटगे यांच्या देखरेखीखाली बंगळूरास दोन आसनांचे छोटे विमान तयार झाले, ते 1958 साली प्रथम उडाले आणि देशभरच्या क्लबांना मिळाले. त्याचे नाव पुष्पक! नाव देणाऱ्याला हिशेब कळत असावा. मास्तरांच्या वा कारकुनाच्या मुलाला आकाश मिळाले ते या वाटेने. आपल्या हडपसरला तर इंजिनावाचून उडणाऱ्या ग्लायडरवरही.

भाडे घेऊन खर्च काढू म्हणाल, तर खासगी म्हणून नोंदविलेल्या विमानास आपल्याकडे तशी मुभा नाही. लोहगाव हवाई दलाचे. तेव्हा पुणेकराने बारामतीस विमान ठेवले, तर तेथवरच्या मोटारीचे पेट्रोलही हिशेबात मांडावे.

एवढे करूनही कोणा चौघांस घ्यावयाचेच असेल, तर करारपत्रात पहिले कलम बाहेर कसे पडावयाचे याचे लिहावे. विमानाचा रंग कोणता, हे मागाहून ठरविता येते.