भरली शिताके: वर्षअखेरच्या पार्टीसाठी

(डिसेंबरच्या स्नेहमेळाव्याआधी घेतलेल्या पाककृती-वर्गातील भाषण)



सगळ्या मैत्रिणींचं स्वागत, आणि नुसत्या पिशव्या उचलायला म्हणून येऊन आता पहिल्या रांगेत बसलेल्या पुरुषमंडळींचं तर विशेष स्वागत. आजचा पदार्थ आहे भरली शिताके. भरली वांगी आपण डोळे मिटून करतो, त्याच हाताने मश्रूम भरायचे. पण कोबेत राहून शाकाहारी पदार्थ करायचा म्हणजे कृतीआधी थोडं बोलावं लागतं.

डिसेंबर म्हणजे इथे बोनेनकाईचा महिना. आपल्यातला शाकाहारी माणूस ऑफिसच्या पार्टीत "निकु नाशि", म्हणजे मांस नको, असं सांगतो आणि समोर येतो कात्सुओबुशी भुरभुरवलेला टोफू. यात सांगणाऱ्याचं चुकत नाही, आणणाऱ्याचंही नाही. रोजच्या जपानी बोलण्यात निकु म्हणजे गाय, डुक्कर, कोंबडी. मासा त्यात धरत नाहीत. मग बिचारा एदामामे सोलत बसतो आणि रात्री घरी येऊन वरणभाताचा कुकर लावतो. आपल्या मेळाव्यात ही वेळ कुणावर यायला नको. आपण "शाकाहारी" अशी चिठ्ठी लावतो, तेव्हा आजी-आजोबा ती वाचून विश्वासाने घास उचलतात. म्हणून त्या घासात काय काय गेलंय, हे करणाऱ्याला शेवटच्या थेंबापर्यंत माहीत हवं.

शिताकेच का, तर शेजारच्या जपानी काकूंना ती परकी वाटत नाहीत. त्यांच्याकडे "शिताके नो निकुझुमे" म्हणजे खिमा भरलेली शिताके घरोघरी होतात. आपण फक्त सारण बदलतो. शिवाय ताजी शिताके पिकवण्यात तोकुशिमा जपानात आघाडीवर आहे, आणि तोकुशिमा म्हणजे अवाजी बेट ओलांडलं की पलीकडेच. कांदा तर अवाजीचाच घ्या. इतका गोड कांदा मी दुसरीकडे खाल्लेला नाही.

आपल्याकडे मात्र मश्रूम म्हटलं की कपाळाला आठी. "कुत्र्याच्या छत्र्या" म्हणून आजीने जे नाक मुरडलं, ते पुढच्या पिढीतही उतरलंय. गोव्याच्या मंडळींचं तसं नाही हो! पावसाळ्यात वारुळावर उगवणारी अळमी त्यांना सोन्याच्या भावाने मिळाली तरी हवीच असतात. आणि नाक मुरडणाऱ्यांना एक गंमत सांगते. आपल्या गोड्या मसाल्यातलं दगडफूल म्हणजे बुरशी आणि शेवाळ यांचा संसार. म्हणजे अळंबीचं हे दूरचं भावंड आमटीतून आपण पिढ्यान्‌पिढ्या खातच आलोय. गोडा मसाला शिताकेला इतका शोभतो तो त्यामुळेच, असं आपलं माझं मत.

आता चवीचं. १९०८ साली किकुनाए इकेदा यांनी कोंबूमधली चव शोधली आणि तिला उमामी नाव दिलं. वाळवलेल्या शिताकेतली चव वेगळ्या द्रव्याची, ग्वानिलिक आम्लाची. ती अकिरा कुनिनाका यांनी १९५७ च्या सुमारास दाखवली. ही दोन द्रव्यं एकत्र आली की चव कितीतरी पटींनी वाढते. बौद्ध मठांमधल्या शोजिन र्‍योरीत माशाशिवायची दाशी कोंबू आणि सुक्या शिताकेचीच असते, ती याच बळावर. आपणही सारणात दोन-चार सुकी शिताके घालायची. ती गार पाण्यात, फ्रीजमध्ये, रात्रभर भिजवा. घाईघाईने उकळतं पाणी ओतलं तर मऊ होतात, पण चव तेवढी उतरत नाही. आणि ते तपकिरी पाणी फेकू नका, तेच खरं धन!

प्रमाण बारा जणांचं, प्रत्येकी दोन. जाड टोपीची, कडा आत वळलेली २४ ताजी शिताके घ्या. धुवायची नाहीत, ओल्या फडक्याने पुसायची. पाणी प्यायली की तव्यावर रडत बसतात. देठ काढून त्याचं टोकाचं कडक बूड टाका, बाकीचं देठ बारीक चिरून सारणात. ३०० ग्रॅम मोमेन टोफू कागदी रुमालात गुंडाळून वर वजन ठेवून अर्धा तास निथळत ठेवा.

कढईत तेलावर बारीक चिरलेला कांदा, आलं, हिरवी मिरची, चिरलेले देठ आणि भिजलेली शिताके परता. भिजवलेलं पाणी अर्धी वाटी घालून ते पूर्ण आटू द्या. मग टोफू कुस्करून घाला, त्यात तीन चमचे दाण्याचं कूट, दोन चमचे थालीपिठाची भाजणी, एक चमचा गोडा मसाला, चिमूटभर साखर, कोथिंबीर आणि मीठ. पोह्याचा चमचा बरं का! भाजणी ओलावा धरून ठेवते आणि ब्रेडच्या चुऱ्याची गरज राहत नाही. सारण पूर्ण गार होऊ द्या.

सारण सुटून पडतं ही नेहमीची तक्रार. मश्रूम शिजताना आक्रसतं आणि पाणी सोडतं, म्हणून ते निसटतं. जपानी बायका आतल्या बाजूला काताकुरिको, म्हणजे बटाट्याचं स्टार्च, हलक्या हाताने भुरभुरवतात. सुटलेलं पाणी ते पिऊन घेतं आणि चिकटवतं. हे अजिबात टाळू नका. मग सारण दाबून भरा. पॅनमध्ये थोडं तेल घालून सारणाची बाजू आधी खाली, मध्यम आचेवर तीन मिनिटं. उलटून, झाकण ठेवून, मंद आचेवर सहा मिनिटं. शेवटी झाकण काढून पाणी आटवा. शिताके कच्ची ठेवू नका. अर्धी कच्ची खाल्ल्याने काहींच्या अंगावर चाबकाचे वळ उठावेत तसं पुरळ येतं; जपानमध्येच १९७७ साली त्याची पहिली नोंद झाली. आणि गॅसखालच्या ग्रिलमध्ये काल साबा भाजला असेल, तर आज शिताके तिथे नकोत. वास लपत नाही.

आता पाकिटं. त्यावरची अ‍ॅलर्जीची चौकट वाचून शाकाहारी माणसाचं भागत नाही. तिथे सक्तीने लिहायचे पदार्थ मोजकेच: अंडं, दूध, गहू, सोबा, शेंगदाणा, कोळंबी, खेकडा, अक्रोड असे. कात्सुओ त्यात नाही, आणि डुक्कर, कोंबडी, जिलेटिन लिहिणं सक्तीचं नाही. म्हणून घटकांची पूर्ण यादी वाचायची. "एकिसु", "राडो", "झेराचिन", "कात्सुओ" दिसलं की पाकीट परत फळीवर. कोन्सोमेचे चौकोन, तयार मेन्त्सुयु, "दाशी-इरि" मिसो यांच्यापासून लांबच राहा. साधं शोयू चालेल.

कितानोतलं जैन मंदिर १९८५ पासून आहे आणि आपल्या मेळाव्याला बरीच जैन कुटुंबं येतात. त्यांना मश्रूम चालत नाही, कांदा-लसूण नाही, ओलं आलं नाही, आणि काताकुरिकोही नाही, कारण तो बटाटा! त्यांच्यासाठी छोटे पीमान अर्धे कापून भरा. सारण टोफूचं, मिरची-कोथिंबीर-लिंबाचं, आणि आत कॉर्नस्टार्च. मसाला, भाजणी आणि दाणे चालतात का, ते त्या-त्या घरी विचारून घ्या. पॅन वेगळा, चमचा वेगळा, आणि त्यांचं ताट सूर्यास्ताआधी तयार. डिसेंबरात कोबेत पाचच्या आत सूर्य मावळतो, तेव्हा हे ताट पहिलं लावायचं, शेवटचं नाही.

प्रत्येक थाळीसमोर जपानीत आणि मराठीत चिठ्ठी हवी: दाणे, गहू, सोया आहे, अंडं, मासे, मांस नाही. दाणे जपानीत "राक्कासेई" असं ठळक लिहा. मदतनिधीसाठी प्लेट विकत घेणारे पाहुणे आपल्याला ओळखत नसतात, आणि दाण्याची अ‍ॅलर्जी असलेलं मूल वास घेऊन ठरवू शकत नाही.

सारण आदल्या रात्री करून फ्रीजमध्ये ठेवता येतं, पण भरायचं मात्र त्याच दिवशी. हॉलमध्ये आणून पुन्हा गरम करायची तर ओव्हन टोस्टरमध्ये चार-पाच मिनिटं, वर फॉइल. खाली लेट्यूस नको, मरगळतं. कोबीची बारीक किस चालेल. चला, आता दोघी-तिघी पुढे या. टोफू निथळून तयार आहे.