दर्याचं वादळ आणि वडनेरची पऱ्हाटी



हिंगणघाट सोडून हैदराबादच्या दिशेनं निघालात की महामार्गावर आमचं वडनेर लागतं. इथून समुद्र कुठल्याही बाजूला शेकडो मैल लांब. गावातल्या कितीतरी म्हाताऱ्या माणसांनी तो डोळ्यानं पाहिलेलाही नाही. तरी हिवाळ्यात तो खवळला की घोर आम्हाला लागतो.

5 डिसेंबर 2023 रोजी ‘मिचाँग’ चक्रीवादळ आंध्रच्या किनाऱ्यावर बापटलाजवळ धडकलं. जमिनीवर आल्यावर वादळाचा जोर ओसरतो, पण त्यानं आणलेली वाफ तेलंगणावरून वर सरकते आणि विदर्भावर आभाळ दाटतं. तेव्हाही तसंच झालं. डिसेंबर म्हणजे आमच्याकडे वेचणीचा ऐन हंगाम. पऱ्हाटीवर बोंडं फुटून पांढरी झालेली, तूर फुलाशेंगांवर आलेली, हरभरा नुकता वर आलेला. अशा वेळी दोन दिवस आभाळ राहिलं तरी शेतकऱ्याची झोप जाते. धुवारी पडली की तुरीचा फुलोरा गळतो, ढगाळी लांबली की अळी पडते.

सगळ्यांत वाईट हाल कापसाचे. फुटलेल्या बोंडावर पाऊस पडला की कापूस लोंबतो, मातीला टेकतो, त्याला पत्ती चिकटते. पांढरा रंग जाऊन पिवळट पडतो. ओल टिकली तर बोंडातच सरकीला कोंब फुटतात. मी असं बोंड हातात घेऊन पाहिलं आहे. वर भिजलेला कापूस आणि आत हिरवट कोंब. असा माल बाजारात नेला की व्यापारी आधी मूठभर दाबून पाहतो आणि भाव पाडतो. सरकारी खरेदीतही ओलावा बारा टक्क्यांच्या वर गेला की माल घेत नाहीत.

वेचणाऱ्या बायांचं दुःख तर कोणी मोजतच नाही. त्यांची मजुरी किलोवर. शेत ओलं, तर वेचणी बंद. वेचणी बंद, तर मजुरी नाही. घरात आणलेला कापूस तरी सुखाचा कुठे? भाव वाढेल म्हणून माजघरात ढीग लावायचा, बाहेर भुरभुर पाऊस, म्हणून दारं बंद, आणि त्याच ढिगाशेजारी अंग खाजवत लेकरांनी निजायचं.

किनाऱ्यावरचे लोकही याच दिवसांत होरपळतात. 2017 च्या डिसेंबरात ‘ओखी’ वादळ आलं, तेव्हा केरळ-तमिळनाडूच्या बोटी आसऱ्याला देवगडच्या बंदरात शिरल्या होत्या. अवकाळी पावसात कोळणीचे वलांडीवर वाळत घातलेले बोंबील भिजतात, आंब्याचा मोहोर करपतो. कोकणातल्या माणसाची आणि आमची कळ एकच आहे. फरक आहे तो इशाऱ्याचा. तिथं बंदरावर तीन नंबरचा बावटा चढतो, आणि ज्याला अक्षर येत नाही तोही होडी ओढून घेतो. आमच्या शिवारात असा बावटा नाही.

हवामान खात्याचा कृषी सल्ला दर मंगळवारी आणि शुक्रवारी निघतो, जिल्ह्याजिल्ह्याचा निघतो. मोबाइलवर ‘मेघदूत’ अ‍ॅप आहे. पण भर उन्हात ओटी बांधून वेचणाऱ्या बाईच्या हातात मोबाइल नसतो. बंगालच्या उपसागरातलं वादळ आपल्यापर्यंत यायला बहुधा एक-दोन दिवस लागतात. तेवढ्या वेळात फुटलेला कापूस वेचून होतो, तुरीच्या गंजीवर ताडपत्री पडते. वेळ हाताशी असतो, फक्त बातमी शेतापर्यंत पोचत नाही.

म्हणून माझी सरपंचांना, ग्रामसेवकांना आणि गावोगावच्या तरुणांना कळकळीची विनंती आहे. गावात भोंगा आहे, त्यावरून लसीकरणाची दवंडी होते, ग्रामसभेची होते. मंगळवारी आणि शुक्रवारी संध्याकाळी त्याच भोंग्यावरून हवामानाचा सल्लाही वाचा, आपल्या वऱ्हाडी बोलीत, सोपा करून वाचा. आणि शेतकरी बंधूंनो, पाऊस येणार असं कळलं तर फुटलेला कापूस आधी घरी आणा. भिजलेला वेगळा वाळवा आणि वेगळाच ठेवा. चांगल्या मालात तो मिसळू नका.